ता. क. मधला डाग

पत्र :
डॉक्टरकाकू, नमस्कार. आम्ही सुदामानगरला राहतो. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी रात्री, यांना एकदम १०३ ताप भरला. डोकं, डोळ्यांच्या मागं ठणका, कंबर धरलेली. मंगळवारी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तापाच्या गोळ्या आणल्या. बुधवारी दोन-तीनदा पातळ झालं, म्हणून मेडिकलवाल्यानेच एक अँटिबायोटिक आणि "पोटाची" म्हणून आणखी एक गोळी दिली. शुक्रवारी ताप उतरला, आम्हाला वाटलं सुटलो. शनिवारी सकाळी बघते तर पाठ, पोट, हात, पाय सगळं लालभडक, मधे मधे पांढरे ठिपके सोडलेले. तळहात-तळपाय इतके खाजत होते की रात्रभर गार पाण्याच्या बादलीत पाय घालून बसले. सासूबाई म्हणाल्या हा मोतीझरा. आंघोळ बंद, औषध बंद, उशाशी कडुलिंब. पहिले डॉक्टर म्हणाले अँटिबायोटिकची ॲलर्जी, एक इंजेक्शन दिलं. रविवारी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. प्लेटलेट ८८ हजार, डेंग्यूची एनएस-१ निगेटिव्ह, विडाल पॉझिटिव्ह १:८०. म्हणून टायफॉइडचा कोर्स दिला. बुधवारपर्यंत सगळं मावळलं. याला आता तीन आठवडे झाले. हे बरे आहेत, पण नेमकं झालं काय होतं? यांनी ते अँटिबायोटिक आता जन्मात घ्यायचं नाही का? आणि नणंद गौरींना दोन दिवस आली होती, तिला चौथा महिना आहे. तिला काही धोका?
ता. क. : यांच्या डाव्या मनगटावर आणि खालच्या ओठाला एकेक काळा डाग राहिलाय. ओठाचा मागच्या वर्षी इंदूरलाच एका लग्नाचं जेवून पोट बिघडलं होतं तेव्हाही तिथंच पडला होता. त्याचं काही नसेल, पण लिहून ठेवलं.
— एक वाचक, इंदूर

उत्तर :

वार लावून लिहिलंत याबद्दल आधी शाबासकी. पस्तीस वर्षं त्वचारोगाची ओपीडी केली, पण अशी हकिकत सांगणारे नातेवाईक बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. बाकीचे आत येतात, शर्ट वर करतात आणि म्हणतात, "बघा." बघून अर्धंच कळतं. कातडीला बोलायला शब्द फार थोडे. गोवर निघू दे, डेंग्यू होऊ दे, नाहीतर एखादी गोळी बाधू दे, ती लाल होते, फुगते, खाजते, फार तर फोड आणते. म्हणून तापात पुरळ उठलं की मी पुरळाआधी कॅलेंडर बघते. ताप कधी आला, पुरळ त्याच्या कितव्या दिवशी, सुरुवात कुठून झाली, आणि आधीच्या पंधरा दिवसांत पोटात काय काय गेलं. या शेवटच्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं, "काही नाही, साध्याच गोळ्या."

तुमच्या मिस्टरांना मी पाहिलेलं नाही, तेव्हा पुढचं सगळं अंदाज म्हणून वाचा.

सोमवार पहिला दिवस धरला तर शुक्रवारी, पाचव्या दिवशी ताप उतरला आणि सहाव्या दिवशी पुरळ आलं. गोवर असता तर आधी तीन-चार दिवस सर्दी, खोकला, डोळे लाल, आणि मग भर तापात कानामागून, कपाळावरून निघून पुरळ खाली उतरत गेलं असतं. कांजिण्या असत्या तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच दिसल्या असत्या, आणि एकाच पाठीवर कुठं लाल ठिपका, कुठं पाण्याने भरलेला फोड, कुठं खपली अशी सगळी भावंडं एकदम नांदली असती. चिकनगुनिया सांध्यांना सहसा सोडत नाही. बोटं, घोटे धरल्याचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. पण ताप उतरता उतरता अंगभर लाली, त्यात पांढरे ठिपके सुटलेले, तळहात-तळपायांना जीव नकोसा करणारी खाज, डोळ्यांमागचा ठणका, आणि दीड लाखाच्या वर असायला हव्यात त्या प्लेटलेट ८८ हजार? लाल समुद्रातली पांढरी बेटं, असंच डेंग्यूच्या उतरत्या पुरळाचं वर्णन आम्ही शिकलो. माझा कौल डेंग्यूला.

मग एनएस-१ निगेटिव्ह कशी? कारण ती सातव्या दिवशी केली. ही तपासणी रक्तात विषाणूचं एक प्रथिन शोधते, आणि ते सापडायचे चांगले दिवस म्हणजे तापाचे पहिले पाच. चोर पळून गेल्यावर घराची झडती घेतली, तर झडती खोटी नसते, उशिरा झालेली असते. पाचव्या दिवसानंतर आयजीएम करायची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी. ती दोन-तीन महिने पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणजे अजूनही करता येईल. उपचारासाठी आता तिचा उपयोग नाही. पण एका दुसऱ्या कारणासाठी करून घ्या असं मी सांगेन, ते पुढे येतंच.

विडालबद्दल मात्र माझा राग लपत नाही. ती टायफॉइडच्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं मोजते. आपल्याकडे टायफॉइडच्या जंतूंशी आणि त्यांच्या नातेवाइकांशी इतक्या जणांची जन्मभरात गाठ पडलेली असते की १:८० हा आकडा धडधाकट माणसातही निघतो. एकदाच केलेल्या विडालवर टायफॉइड ठरवू नये. खरी तपासणी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणं, आणि तीही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. तुमच्याकडे बुधवारपासूनच गोळ्या सुरू होत्या, त्यामुळे रविवारपर्यंत ती वाटही अवघड झाली होती.

"शुक्रवारी ताप उतरला, आम्हाला वाटलं सुटलो" हे तुमचं वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. डेंग्यूत खरं सांभाळायचे असतात ते ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास. त्या काळात रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपू शकतं. माणूस तापमुक्त दिसतो, घरचे पोहे-जलेबी आणायला निघतात, आणि इकडे रक्तदाब खाली येत असतो. पोटात जोराचं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार, लघवी कमी, माणूस गळून पडणं किंवा उगाच चिडचिडा होणं, यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थांबायचं नाही, एमवाय म्हणा, जवळचं दुसरं मोठं रुग्णालय म्हणा, गाठायचं. आणि तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मेडिकलमधून आणलेल्या "ताप-अंगदुखीच्या" जोडगोळीत यातलं एखादं बसलेलं असतं, म्हणून नाव वाचायचं.

घरी करण्यासारखी एक चाचणी सांगते. साधा, नितळ काचेचा पेला पुरळावर दाबून धरा आणि काचेतून बघा. लाली फिकी पडली तर ती फुगलेल्या रक्तवाहिन्यांची. ठिपके तसेच राहिले तर रक्त कातडीखाली उतरलंय. प्लेटलेट कमी असताना असे ठिपके पायांवर दिसतात. ताप चढलेला, मान ताठ, माणूस भ्रमिष्ट आणि अंगावर असे न विरणारे जांभळे डाग, हा मेंदूज्वराच्या एका भयानक प्रकाराचा नमुना असतो, तिथं तास मोजायचे नसतात. सावळ्या अंगावर लाली लालच दिसेल असं नाही, ती काळपट-जांभळट दिसते. तेव्हा तळहात, तळपाय, तोंडातली टाळू आणि खालच्या पापणीची आतली बाजू बघायची. फोटो काढाल तर खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखालच्या फोटोत मला सगळ्यांनाच कावीळ झालेली दिसते.

आता सासूबाई. मोतीझरा हा शब्द त्यांनी हवेतून काढलेला नाही. माळव्यात टायफॉइडला मोतीझराच म्हणत आले, कारण त्या तापात मानेवर, छातीवर रव्याएवढे पाणीदार, चमकणारे दाणे दिसायचे. बोटाने पुसले तर फुटतात, खाजत नाहीत, लाल नसतात. ते दाणे टायफॉइडचे नव्हतेच, घामाचे होते. अँटिबायोटिक यायच्या आधी हा ताप तीन-चार आठवडे चालायचा, माणूस घामाने निथळायचा, घामाची छिद्रं वरच्या वर बंद व्हायची आणि थेंब कातडीखाली अडकायचे. घामोळ्यांचीच ही एक जात. टायफॉइडचं खरं पुरळ निराळं, दुसऱ्या आठवड्यात पोटा-छातीवर उठणारे मोजके फिकट गुलाबी ठिपके, आणि आपल्या रंगावर ते बहुधा दिसतही नाहीत. तुम्ही वर्णन केलेली लाल, खाजरी चादर मोतीझरा नव्हे. सासूबाईंना एवढं सांगा की त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त ते याला लागू पडत नाही. कडुलिंबाचा पाला उशाशी राहू दे, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. आंघोळ बंद करायला कारण नाही, कोमट पाण्याने, साबण न घासता, जरूर करावी. खाजेला बरं वाटतं. खाज जास्त असेल तर कॅलामाइन लोशन आणि डॉक्टरांना विचारून सेट्रिझिनसारखी गोळी. नळीतली "तीन-चार-एकात" क्रीम नको, त्यांत बहुधा जहाल स्टिरॉइड असतं. आणि "औषध बंद"? ते देवीच्या काळातलं भय आहे. देवीचा भारतातला शेवटचा रोगी १९७५ मधला आणि जगातून तिचं उच्चाटन झाल्याचं १९८० साली जाहीर झालं, भय मात्र अजून उंबऱ्यात बसलेलं आहे.

तर अंगभराच्या पुरळाचं हे असं. आता तुम्ही ज्याला "काही नसेल" म्हणालात तिकडे वळते, कारण सगळ्या पत्रात मला सर्वांत पक्कं वाटलं ते तेच.

एक गोल डाग, ठरलेल्या जागी, एकदा नव्हे दोनदा, आणि दोन्ही वेळा पोट बिघडलेलं. विषाणूला ओठाची तीच जागा लक्षात ठेवायचं कारण नाही. औषधाला असतं. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. विशिष्ट औषध पोटात गेलं की अर्ध्या तासापासून फार तर एक-दोन दिवसांत एक नाण्याएवढा, जांभळट-लाल, जळजळणारा चट्टा उठतो, कधी त्यावर फोडही येतो. तो बसतो आणि मागे राखाडी-तपकिरी डाग सोडतो, जो महिनोन्महिने जात नाही. त्या जागेच्या कातडीत शरीराच्या संरक्षक पेशी पहारा देत राहतात. तेच औषध पुन्हा आलं की ठिणगी तिथंच पडते. आणि दर खेपेला एखादी नवी जागा जोडली जाऊ शकते. मागच्या वर्षी नुसता ओठ, या वर्षी ओठ आणि मनगट. हिशेब जुळतोय ना? ओठ, हात आणि गुप्तांग या त्याच्या आवडत्या जागा. ओठावरच्या डागाला लोक "ताप फुटला" म्हणून सोडून देतात, आणि गुप्तांगावरचा लाजेपायी कुणाला दाखवत नाहीत. मिस्टरांना एकट्यात विचारा.

संशय त्या "पोटाच्या" गोळीवर. जुलाबाला सर्रास दिली जाते ती ऑफ्लोक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी, आणि दोघांवरही हा आरोप सिद्ध झालेला आहे. मिस्टरांना आठवतंय का बघा, बुधवारी रात्री किंवा गुरुवारी, म्हणजे अंगभर पुरळ येण्याच्या कितीतरी आधी, ओठ आणि मनगट चुरचुरत होतं का? होतं असं म्हणाले, तर मग त्यांच्या अंगावर एका आठवड्यात दोन वेगवेगळी पुरळं होती. एक डासाने आणलं, दुसरं मेडिकलवाल्याने. सगळे डॉक्टर एकच कारण शोधत राहिले म्हणून गोंधळ.

पण गोळी कोणती हे ठरवायचं कसं? इथं आपल्या दुकानांतली कात्री आडवी येते. दहाची पट्टी कापून चार गोळ्या दिल्या, की नाव पलीकडच्या तुकड्यावर राहतं. एकदा एका बाईंनी पर्सच्या चोरकप्प्यातून चांदीचा चुरगळलेला तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर "...डाझोल" एवढी अक्षरं आणि अर्धी मुदत. त्या "डाझोल"वर आम्ही पाऊण तास घातला. पुड्यांचं तर बोलायलाच नको. तांबडी, पांढरी, पिवळी अशी दिवाळीची रोषणाई कागदात बांधून देतात आणि विचारलं तर "शक्तीची" म्हणतात. मेडिकलवाल्याकडे जा, भांडू नका, बुधवारी काय दिलं ते नावानिशी लिहून घ्या. मागच्या वर्षीची चिठ्ठी सापडली तर उत्तमच. हे घेऊन त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, डाग असेतो. "एकदा घेऊन बघू" हा प्रयोग घरी अजिबात करायचा नाही. ठरेपर्यंत ऑर्निडाझोल आणि तिची भावंडं, म्हणजे मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, सेक्निडाझोल, आणि ऑफ्लोक्सासिन व तिच्या घरातली नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, दोन्ही कुटुंबं दारापाशीच थांबवा.

आणि औषधाच्या पुरळात एवढ्या गोष्टींना क्षमा नाही: डोळे लाल होऊन चिकटणं, तोंडात किंवा गुप्तांगावर सोलल्यासारखे व्रण, कातडी दुखणं, फोड येऊन तिचे पापुद्रे सुटणं, चेहरा सुजणं, आवाज घोगरा होऊन श्वास अडकणं. गोळी बंद आणि थेट रुग्णालय. फिटची, संधिवाताच्या यूरिक ॲसिडची आणि सल्फाची औषधं या बाबतीत जास्त बदनाम, आणि ती बहुधा दोन-चार आठवड्यांनी, म्हणजे कुणाला संशयही येणार नाही अशा वेळी उलटतात.

अँटिबायोटिक जन्मात नको का? पहिल्या डॉक्टरांचा संशय अगदीच चुकीचा नव्हता. अँटिबायोटिकचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, तूर्त ते अमॉक्सिसिलीन धरते. अमॉक्सिसिलीनचं पुरळ पहिल्यांदा साधारण पाच ते चौदा दिवसांत उठतं, पण आधी ओळख असेल तर दोन-तीन दिवसांतही उठतं, आणि इथं तीन दिवस झाले होते. पण "ॲलर्जी" हा शिक्का मारायला मी घाबरते, त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका चार वर्षांच्या मुलीच्या पुस्तकात मी लाल पेनाने "पेनिसिलीन ॲलर्जी" लिहिलं. तिला विषाणूचा ताप होता, पुरळ त्याचंच असावं. पण तो शिक्का मोठेपणी बाळंतपणापर्यंत तिच्यासोबत गेला. दरवेळी तिला जड आणि महागडी औषधं घ्यावी लागली. शेवटी तज्ज्ञांनी तपासून सांगितलं, काही नाही हिला. असा शिक्का असलेल्यांतल्या बहुतेकांना तपासल्यावर ॲलर्जी निघत नाही. म्हणूनच आयजीएम करा म्हटलं. ती पॉझिटिव्ह आली तर अंगभराच्या पुरळाचा दोष डेंग्यूकडे जाईल आणि अमॉक्सिसिलीन बहुधा सुटेल. निर्णय तुमच्या डॉक्टरांनी कागद बघून घ्यायचा.

नणंदेबद्दल. डेंग्यू माणसाकडून माणसाला शिवून लागत नाही, डास मधे लागतो. ती बुधवार-गुरुवारी, म्हणजे मिस्टरांना ताप असताना, घरात होती. हा डास दिवसा चावतो, तेव्हा तापाच्या माणसाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवायला हवं होतं. तीन आठवडे उलटून गेलेत. तिला ताप आला नसेल तर त्या भेटीतून आता यायची भीती उरलेली नाही. तरी तिच्या डॉक्टरांना तारखांसकट सांगायला लावा, कारण गर्भारपणात रुबेला आणि कांजिण्या यांना हलक्यात घेत नाहीत, आणि तिच्या रक्तात रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे का हे त्या एका साध्या तपासणीने बघू शकतात. घरात कोणी लहान मूल असेल तर त्याच्या कार्डावर गोवर-रुबेलाच्या लशीचे दोन्ही डोस, पहिला ९ ते १२ महिन्यांचा आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांचा, लागलेत का बघून घ्या.

स्वच्छतेत आपल्या शहराचा पहिला नंबर आहे, मान्य. पण हा डास गटारातला नव्हे, स्वच्छ पाण्यातला. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो म्हणून आपण पिंपं, टाक्या, हंडे भरून ठेवतो. अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. कूलरचं पाणी काढलंत का? गणपतीनंतर कूलर बंद करतात, रिकामा करत नाहीत.

मिस्टरांच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे ही चिठ्ठी ठेवा, मोबाइलमध्येही फोटो काढून: "औषधाने ठरावीक जागी चट्टा, खालचा ओठ व डावं मनगट, दोनदा. संशय: ऑफ्लोक्सासिन / ऑर्निडाझोल, तपासणी बाकी. अमॉक्सिसिलीन: संशय कमी, डेंग्यू आयजीएमचा निकाल पाहावा." निकाल आला की शेवटची ओळ बदला. मेडिकलवाल्यालाही दाखवा, कारण पुढच्या वेळी पोट बिघडलं की मिस्टर आधी त्याच्याकडेच जाणार.